'ऑल्ट'ला मराठीत काय म्हणायचं? आणि तो ऑल्ट, ती ऑल्ट की ते ऑल्ट?

घडीची पोळी
मंडळी, अडलंय. एका दिवाळी अंकासाठी इंग्रजी लेख मराठीत करतेय. विषय वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाचा: एक पात्र चांगलं वाढवलेलं असताना लोक दुसरं, तिसरं, सातवं पात्र कशाला काढतात. मुख्य पात्राला खेळणारे 'मेन' म्हणतात, बाकीच्यांना 'ऑल्ट' ('ऑल्टरनेट'चं लघुरूप). मी 'ऑल्ट' तसंच ठेवलं होतं. संपादकांनी सगळीकडे 'पर्यायी पात्र' करून परत पाठवलं. आता एक वाक्य असं झालंय: "मुख्य पात्र आठवडाभर बंद असल्याने मी पर्यायी पात्राकडे वळलो." भाच्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मावशी, धरण कुठलं?"
दुसरा शब्द सुचवा. मी स्वतः खेळत नाही, त्यामुळे अर्थाचीही खात्री करून हवी आहे.

तिठा
२००६ पासून खेळतोय (मध्ये लग्न झालं, तेवढा खंड). 'पर्यायी' चूकच आहे. पर्याय म्हणजे हे नाही तर ते. ऑल्ट हा 'हे नाही तर' नसतो, 'हे आहेच आणि शिवाय ते'.
लेखातलं 'बंद' म्हणजे काय ते सांगतो. मोठ्या स्वारीवर (रेड) एक पात्र आठवड्यातून एकदाच जाऊ शकतं. सुरुवातीच्या काळात मोल्टन कोअरला चाळीस जण लागायचे. बुधवारी जाऊन आलात की तुमच्या वॉरियरला पुढच्या आठवड्यापर्यंत तिथे काम नाही. खेळाडूचे हात मात्र शिवशिवतच असतात. मग प्रीस्ट काढा आणि दुसऱ्या टोळीबरोबर जा.
दुसरं कारण धंद्याचं. एका पात्राला मुख्य व्यवसाय दोनच घेता येतात. माझा वॉरियर खाणीतून धातू काढायचा आणि लोहारकी करायचा. औषधं करायची तर वनस्पती गोळा करणारं आणि किमया जाणणारं पात्र वेगळं हवं, नाहीतर बाजारातून विकत घ्या. बाजारभाव बघितलेत तर तुम्हीही ऑल्ट काढाल.

शेंगदाणाकूट
एवढी चर्चा कशाला? आपल्याकडे तयार शब्द आहे. डुआयडी, म्हणजे डुप्लिकेट आयडी!

तिठा
नाही हो. डुआयडीत लपवाछपवी आहे. स्वतःच्या लेखावर स्वतःच 'वा! वा!' करायला काढतात तो डुआयडी. ऑल्ट उघड असतो. गिल्डमध्ये (एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात) सगळ्यांना माहीत असतं की हा प्रीस्ट म्हणजे तिठाच.

मीठभाकर
"ऑल्ट उघड असतो" हे पुरुषी विधान आहे. :-)
मी आठ वर्षं हीलर (साथीदारांच्या जखमा बऱ्या करणारं पात्र) होते. हीलर म्हणजे लग्नघरातली मोठी सून. आत पाऊल टाकलं की हाका सुरू. "आलीस का? पाचजण थांबलेत." "जरा दहा मिनिटं ये ना." दिवसभर ऑफिस, मग मुलीचा अभ्यास, रात्री साडेदहाला मला फक्त एका तळ्याकाठी बसून मासे धरायचे असायचे. (खेळात मासेमारी आहे, आणि ती फार छान आहे.) शेवटी मी दुसऱ्या सर्व्हरवर एक बुटका शिकारी काढला. पुरुष, दाढीवाला, कुणालाही न सांगता. त्याला कुणी हाक मारत नाही.
त्याला डुआयडी म्हणणार? मी कुणाला फसवलं नाही. मी फक्त घरी नव्हते.

कोशकीटक
मीठभाकर, सुंदर लिहिलंत. पण मूळ मुद्द्यावर येऊ.
'पर्याय'वर अन्याय होतोय. संस्कृतात त्याचा जुना अर्थ 'क्रम, पाळी' असाच आहे. उडुपीच्या कृष्णमठात दर दोन वर्षांनी पूजेचा अधिकार एका मठाकडून दुसऱ्याकडे जातो. आठ मठ, पाळीपाळीने. त्या सोहळ्याचं नावच 'पर्याय'. म्हणजे एक मठ गेला आणि दुसरा आला असं नाही. आठही आहेत, आज पाळी एकाची. तिठा सांगताहेत ती परिस्थिती नेमकी हीच. संपादक नकळत का होईना, बरोबर आहेत.

शेंगदाणाकूट
म्हणजे दिवाळी अंक उडुपीत वाचायचा.

कोशकीटक
तुम्हाला शब्दाचं मूळ हास्यास्पद वाटत असेल तर माझा नाइलाज आहे.

तिठा
मूळ सुरेख आहे, पण मराठी कानाला ते ऐकू येत नाही ना! "दुसरा पर्याय नाही" हेच ऐकू येतं. 'राखीव' कसं वाटतं? कबड्डीत मैदानावर सात, बाकीचे राखीव गडी. गिल्डला हीलर कमी पडला की आम्ही ऑल्ट आणतो, तसं.

मीठभाकर
राखीव गड्याला आत घ्यायचं की नाही ते कर्णधार ठरवतो. माझ्या दाढीवाल्याला कोण आत घेणार?

राईनकाठ
जर्मनीतून. इथे भलताच घोळ आहे. जर्मनमध्ये 'आल्ट' म्हणजे म्हातारा, जुना. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, जुन्या पात्राबद्दल बोलताहेत. प्रत्यक्षात इथले वॉरक्राफ्टवाले दुसऱ्या पात्राला 'ट्विंक' म्हणतात. इंग्रजीत ट्विंक म्हणजे कमी पातळीवर मुद्दाम थांबवलेलं आणि भारी शस्त्रांनी नटवलेलं पात्र, नवशिक्यांना बडवायला काढलेलं. जर्मनांनी तो शब्द उचलला आणि कोणत्याही ऑल्टला लावला. फ्रेंच लोक 'रीरोल' म्हणतात, म्हणजे फासे पुन्हा टाकणं. तात्पर्य, इंग्रजांचा शब्द जसाच्या तसा कुणीच घेतलेला नाही. आपणच का घ्यावा?

स्वभाषा
अगदी हेच म्हणायला आलो होतो. सावरकरांनी 'महापौर' आणि 'दिनांक' दिले तेव्हाही लोक हसलेच होते. आज हसतं का कोणी? 'प्रतिपात्र' घ्या. सुटसुटीत, समासही शुद्ध.

शेंगदाणाकूट
प्रतिपात्र दोनशे रुपये. शाकाहारी थाळी.

घडीची पोळी
हसून हसून पुरेवाट. पण मला शुक्रवारी पाठवायचंय.

निरुक्तवेडा
कुणाच्या कसं लक्षात येत नाहीये? ऑल्ट, आलट. आलटून-पालटून! शब्द आपल्याच घरात आहे. 'अल्टर' लॅटिन, लॅटिन आणि संस्कृत बहिणी, म्हणून आलट आणि ऑल्ट एकच. मराठीत 'आलट' म्हणा, विषय संपला. मेन आणि आलट.

कोशकीटक
संपला नाही. पालटणे हे प्राकृत 'पल्लट्ट'वरून आणि ते संस्कृत 'पर्यस्त'वरून. त्यात 'आलट' असा स्वतंत्र शब्दच नाही, तो फक्त पालटचा नाद आहे. आजूबाजूमधला 'आजू' काय असतो? अदलाबदलमधला 'अदला' कोण? तसाच हा. लॅटिनशी संबंध शून्य.

निरुक्तवेडा
नादातून शब्द होत नाहीत असं कोणत्या कोशात लिहिलंय? आणि 'पर्यस्त'मध्येही परि, 'पर्याय'मध्येही परि. म्हणजे तुमचा पर्याय आणि माझा पालट चुलतभाऊच निघाले.

कोशकीटक
उपसर्गावरून भाऊबंदकी लावायची तर परिपत्रक आणि परिपाठ यांचीही सोयरीक जुळवा.

तिठा
व्युत्पत्ती खोटी असेल, पण निरुक्तवेडा यांनी अर्थ पकडलाय. कसा ते सांगतो. वॉरक्राफ्टमध्ये पात्राला खानावळीत झोपवून तुम्ही बाहेर पडलात की त्याला विश्रांतीचं फळ साठत जातं. आठ तासांनी पातळीच्या पाच टक्के. दहा दिवसांत दीड पातळी भरली की साठा थांबतो. परत आलात की तो साठा संपेपर्यंत राक्षस मारल्याचे गुण दुप्पट. म्हणजे एकच पात्र सलग खेळलात तर तुमचं नुकसान, दोघातिघांना पाळीपाळीने झोपवत खेळलात तर फायदा. खेळच सांगतो, आलटून-पालटून खेळा. याहून चपखल क्रियाविशेषण मराठीत दाखवा.

मीठभाकर
हे पटलं. शेत पडीक ठेवतात तसं. पण मग ज्याला कधीच खेळवत नाहीत त्याचं काय? माझं एक पात्र पहिल्याच पातळीवर आहे, कधी लढलेलं नाही, टपालपेटीशेजारी उभं. सगळ्यांचं सामान त्याच्याकडे. इंग्रजीत बँक ऑल्ट म्हणतात.

शेंगदाणाकूट
कोठीवाला. हमाल. गड्याला पगार नाही, सुट्टी नाही. डायब्लो २ हा खेळ खेळणारे सरळ खेचर म्हणायचे (म्यूल). पेटी इतकी लहान की एकामागून एक खेचरं काढून त्यांच्या पाठीवर लादत जायचं.

राईनकाठ
फ्रेंचही म्यूलच म्हणतात. जनावराच्या बाबतीत एकमत आहे तर.

काळाचौकी
ईव्ह ऑनलाइन (अंतराळयानांचा खेळ) खेळणारा. तुम्ही सगळे फार सज्जन आहात. आमच्याकडे चीन सोडून सगळी दुनिया एकाच सर्व्हरवर, आणि कौशल्य घड्याळाप्रमाणे वाढतं, तुम्ही खेळा की झोपा. एका खात्यात पात्रं तीन, पण साधारणपणे एका वेळी शिकतं एकच. म्हणून लोक दुसरं खातं घेतात, वेगळे पैसे भरतात. एक जहाज माल वाहतं, दुसऱ्या खात्यातलं पुढे जाऊन वाटेत कोणी दबा धरून बसलंय का बघतं. आणि तिसरं? तिसरं शत्रूच्या कंपनीत भरती होऊन वर्षभर इमानेइतबारे खाणकाम करतं. मग एका रात्री तिजोरी मोकळी करून निघून जातं. त्याला 'आलट' म्हणून कसं चालेल? तो बहिर्जी नाईक आहे.

स्वभाषा
बहिर्जींचं नाव चोरीसाठी वापरू नये, ही विनंती.

काळाचौकी
हेरगिरीसाठी वापरलं. चोरी हा जोडधंदा.

घडीची पोळी
'जोडधंदा'वरून सुचलं. 'जोडपात्र' कसं वाटतं?

शेंगदाणाकूट
जोडाक्षराची मावसबहीण. सात ऑल्ट असले तर जोड कुणाची कुणाशी?

मीठभाकर
खरं तर आपल्याकडे यासाठी कहाणीच तयार आहे. आटपाट नगर होतं, राजाला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती. मेन म्हणजे आवडती. आणि कहाणीत होतं तेच खेळातही होतं, शेवटी नावडतीचे दिवस फिरतात. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांचं आजचं मेन कधीकाळी ऑल्ट होतं. सहज, गंमत म्हणून काढलेलं. मग कळतं की सहा वर्षं आपण भलत्याच माणसाचे कपडे घालून फिरत होतो.

तिठा
आणि नावडतीला गोठ्यात ठेवायचे दिवसही गेले आता. २००८ पासून 'एअरलूम' शस्त्रं आली, एका पात्राने मिळवायची आणि धाकट्यांनी वापरायची. अस्सल वडिलोपार्जित. २०२४ मध्ये तर 'वॉरबँड' करून सगळ्या पात्रांची बँक आणि बरीचशी पत एकत्र केली. अविभक्त कुटुंब. पूर्वी प्रत्येक ऑल्टला तीच गावं, तीच माणसं, त्यांची मर्जी पहिल्यापासून मिळवावी लागायची. मला वाटतं त्यामुळेच जुना ऑल्ट हा खरा 'दुसरा जन्म' होता. आता तो धाकटा भाऊ आहे, थोरल्याच्या नावावर उधारी मिळते.

कोशकीटक
मग 'अवतार' का नको? शब्द आपला. १९८६ च्या हॅबिटॅट या खेळात पडद्यावरच्या माणसाला तो लावला गेला आणि तिथून जगभर गेला. परत घ्यायला लाजायचं कशाला?

राईनकाठ
कारण परत येताना त्याचा अर्थ बदललाय. आता अवतार म्हणजे नावाशेजारचं चित्र.

मीठभाकर
आणि आमच्या घरी अवतार म्हणजे "काय हा अवतार करून घेतलायस, आधी केस विंचर."

तिठा
शिवाय अवतार म्हटलं की मूळ देव आलाच. फायनल फँटसी १४ या खेळात ते जमेल कदाचित. तिथे एकच पात्र सगळे पेशे शिकू शकतं, शस्त्र बदललं की पेशा बदलला. ऑल्टची गरजच नाही. तरी लोक काढतातच! विचारलं तर म्हणतात, गोष्ट पुन्हा पहिल्यापासून जगायचीय. किंवा नुसतंच, "शिंगं हवी होती."

घडीची पोळी
बरं, शब्द राहू द्या, लिंग तरी सांगा. मूळ मसुद्यात मी 'माझं ऑल्ट' लिहिलं होतं (पात्र नपुंसकलिंगी म्हणून). तिठा 'तो ऑल्ट' लिहिताहेत.

तिठा
आम्ही 'माझा ऑल्ट'च म्हणतो. का ते माहीत नाही. पात्र बाई असली तरी "माझा ऑल्ट मेली."

स्वभाषा
"माझा ऑल्ट मेली." आणि म्हणे मराठी जगवायचीय.

मीठभाकर
उलट मला हेच आवडलं. माझा शिकारी पुरुष, मी बाई. मी म्हणते "मी मासे धरत होते." कधीकधी "होतो"सुद्धा येतं तोंडात. इंग्रजीत हा पेच पडतच नाही, तिथे 'मी'ला क्रियापदात लिंग नाही. मराठीत प्रत्येक वाक्याला ठरवावं लागतं, आत्ता बोलतंय कोण.

काळाचौकी
भाषेवरून आठवलं, वॉरक्राफ्टमध्ये दोन बाजूंना एकमेकांचं बोलणं कळत नाही. होर्डवाल्याने 'लोल' लिहिलं की अलायन्सवाल्याला 'केक' दिसतं. पलीकडचे काय बोलतात ते कळावं म्हणूनही लोक पलीकडे ऑल्ट काढतात.

निरुक्तवेडा
केक म्हणजे 'केकाटणे'!

कोशकीटक
नाही.

शेंगदाणाकूट
पालटणे वरून विचारायचं राहिलं. आमच्याकडे तव्यावरची भाकरी 'पालटतात'. बायको म्हणते 'उलटतात'. राजकारणात 'फिरवतात'. बरोबर काय?

स्वभाषा
परततात. उलटते ती गाडी.

मीठभाकर
परततात तो कांदा. भाकरी उलथतात, म्हणून तर उलथनं.

तिठा
भाकरी हाताने पालटतात. उलथनं लागतं ते पिठल्याला.

घडीची पोळी
भाच्याला शेवटी विचारलं, तुम्ही मुलं आपसात मराठीत काय म्हणता? म्हणाला, "दुसरावाला."

स्वभाषा
झालं. हिंदीने इथेही पाय पसरले.

कोशकीटक
थांबा. 'वाला' हिंदीने आपल्याला दिला असं समजू नका. भाजीवाला, दूधवाला मराठीत केव्हापासून आहेत? त्याचं मूळ 'पाल'कडे जातं, गोपालवरून गवळी झाला तसं

शेंगदाणाकूट
पाल? भिंतीवरची?