कुंडीतला गहू: कोरडवाहू जातच आधी सुकली, असं का?

फोंड्याची बाई: नमस्कार मंडळी, मी फोंड्याला बारावीला बायो शिकवते. मुलांच्या प्रोजेक्टसाठी नाशिकच्या नणंदेकडून लोकवन आणि नेत्रावती असं दोन जातींचं बियाणं आणलं, डिसेंबरात गच्चीवर दहा इंची कुंड्यांत पेरलं, माती एकच, पाणी मोजून. पस्तिसाव्या दिवशी पाणी तोडलं आणि मुलं रोज कुंड्या वजन करतायत. नेत्रावती कमी पाण्याची जात म्हणतात ना, मग तीच चौथ्या दिवशी माना टाकून बसली आणि लोकवन अजून हिरवा, हे कसं काय? मुलं विचारतात आणि मला धड उत्तर देता येत नाही.

निफाडकर: ताई, बियाण्याचा दोष नाही, कुंडीचा आहे. आमच्याकडे नेत्रावती जिरायतीला ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात पेरतात, काळ्या भारी जमिनीत, वरचा थर वाळला तरी तीन-चार फुटांवर ओल असते आणि मूळ तिथपर्यंत जातं. कुंडीत मूळ आठ इंचावर तळाला टेकलं, मग खोल जायचा गुण चालणार कुठे? आणि एकच पाणी द्यायचं असेल तर आम्ही ४०-४२ दिवसांनी देतो, दोन असतील तर २०-२२ आणि ६०-६५ ला. विसाव्या दिवसाच्या सुमाराला मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुळं) फुटतात, तेव्हा ताण बसला तर फुटवेच कमी येतात.

कृषीवाला: वजनाच्या वहीत बघा, नेत्रावतीची कुंडी पहिले दोन-तीन दिवस जास्त हलकी होत होती का? ज्या रोपाची पानं जास्त ते पाणी लवकर संपवतं, म्हणून आधी सुकतं, याचा अर्थ ते दुष्काळात कमकुवत असा होत नाही. उलट जे रोप पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) लवकर मिटतं ते हिरवं दिसतं खरं पण रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, वाढ थांबते. म्हणून नुसतं कोण हिरवं ते बघू नका, शेवटी रोपं कापून वाळवा, वजन करा आणि प्यायलेल्या पाण्याने भागा, किती लिटरला किती ग्रॅम ते कळेल. ऑस्ट्रेलियात याच गुणावर निवडून ड्रायस्डेल नावाची जात २००२ ला आली. रोप नसलेली एक मातीची कुंडीही ठेवा, मातीतून उडालेलं पाणी वजा करावं लागेल.

सत्तरीचा शेतकरी: बाई, आमच्याकडे भात कापलं की उरलेल्या ओलीवर कुळीथ, अळसांदे (चवळीचा प्रकार) करतात, तिथं पण हेच, खोल मातीच्या वाफ्यात पीक तगतं आणि जांभ्यावर पातळ माती असेल तिथं तेच बियाणं करपतं. अजून एक, गव्हाला फुटव्यांच्या वेळी थंडी लागते, आपल्याकडे तेवढी पडत नाही, तेव्हा फुटवे कमी आले तर सगळं खापर पाण्यावर फोडू नका.

फोंड्याची बाई: वही बघितली, खरंच नेत्रावतीच्या कुंडीतून रोज जास्त पाणी जात होतं, आम्ही फक्त सुकण्याचा दिवस लिहीत बसलो! आता खोल मातीत करायचं तर काय वापरू?

कृषीवाला: सहा इंची पीव्हीसी पाइपचे चार फुटी तुकडे घ्या, उभे चिरून टेपने परत बांधा, खाली भोकं पाडलेलं झाकण. शेवटी टेप काढून माती हळूहळू धुतली की मुळं कुठपर्यंत गेली ते मुलांना डोळ्यांनी दिसेल. पुढच्या वर्षी नोव्हेंबरातच पेरा मात्र.