१९७१ च्या बॅटवरच्या सह्या खऱ्या आहेत का? मदत हवी आहे

मंडळी, गणपतीआधीच्या साफसफाईत आमच्या वेंगुर्ल्याच्या घरी माळ्यावर काकांची बॅट सापडली. काका मुंबईला गोदीत होते. ‘७१ साली वेस्ट इंडीज जिंकून आलेल्या संघाच्या सह्या आहेत तिच्यावर’ असं लहानपणापासून ऐकत आलोय. काका आता नाहीत, विचारणार कुणाला?

निळ्या बॉलपेनच्या सह्या आहेत. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, बेदी सहज वाचता येतात. पण इंजिनिअर आणि चंद्रशेखरही आहेत, आणि हे दोघे वेस्ट इंडीजला गेलेच नव्हते. त्या दौऱ्यावरचे दुराणी आणि जयसिंहा मात्र नाहीत. म्हणजे बॅट त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्याची असावी, ज्यात चंद्रशेखरने ओव्हलवर ३८ धावांत ६ बळी घेतले. घरच्यांच्या आठवणीत दोन दौऱ्यांची सरमिसळ झाली असेल. नावं एका खऱ्या संघाशी जुळतात, याने उलट मला धीर आला.

भिंगातून पाहिलं तर रेषेत छपाईचे ठिपके नाहीत, पेनाने लाकडावर बारीक चर पडलाय. शंका वेगळीच आहे. तीन-चार सह्यांचा शेवटचा फटकारा अगदी सारखा वाटतो. पेन एकच असणं समजू शकतो, बॅटबरोबर तेही हातोहात फिरलं असेल. पण हातही एकच असेल तर? संघाच्या सह्या एखाद्यानेच उरकल्याचे प्रकार होतात. नक्कल करणारा जपून, हळू लिहितो, त्यामुळे रेषा थरथरते, मधेच पेन उचललेलं दिसतं. वाडेकरांची सही मला तशी वाटते. पण लाकडाच्या रेषांवर खरी सहीसुद्धा अडखळेलच ना?

कुणाकडे १९७१ च्या आसपास समोर उभं राहून घेतलेली वाडेकरांची सही असेल तर कृपया फोटो टाका. नंतरच्या वर्षांतली नको, वयाबरोबर सही बदलते. एक विक्रेता नुसत्या फोटोवरून प्रमाणपत्र द्यायला तयार आहे. बॅट हातात न घेता दिलेला कागद मला नको. विकायची तर नाहीच, काकांचं म्हणणं खरं होतं का एवढंच कळायला हवंय.

आणि एक तातडीचं. पात्याच्या खालच्या टोकाला बुरशी आलीय. भाऊ म्हणतो, जवसाचं तेल लावू. शाई पसरेल म्हणून मी अडवलंय. सह्या सोडून बाकीचा भाग मऊ सुक्या ब्रशने झाडला आणि बॅट सुती कापडात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलीय. इथल्या पावसात एवढं पुरेल का? भाऊ चतुर्थीला येतोय, त्याआधी सांगा.