व्हॅल्हाइम: लोखंड बोटीनंच आणायचं की पोर्टल मोकळं करायचं?

डोलकाठी
आमच्या सर्व्हरवर यावरून जाम वाजलंय म्हणून इथे टाकतोय. ज्यांनी गेम खेळला नाही त्यांच्यासाठी, व्हॅल्हाइम हा वायकिंगांचा सर्व्हायव्हल गेम. त्यात पोर्टलमधून (क्षणात दुसऱ्या जागी नेणारं दार) तांबं, लोखंड, चांदी असलं काही नेता येत नाही, त्यामुळे दलदलीत खणलेलं स्क्रॅप आयर्न (भट्टीत वितळवून ज्याचं लोखंड होतं ते) घरी आणायचं तर बोट लागते. २०२३ मधे वर्ल्ड मॉडिफायर (जगाचे नियम बदलायच्या सेटिंग) आले, त्यात पोर्टल 'कॅज्युअल' केलं की सगळं जातं. निम्मा ग्रुप म्हणतोय करून टाका. माझा साफ विरोध. लाँगशिप या मोठ्या बोटीला १८ स्लॉट (सामानाचे खण), प्रत्येकात ३० नग, म्हणजे ५४० स्क्रॅप एका फेरीत, आणि बोटीला वजनाची मर्यादाच नाही. अंगावर न्यायचं तर ३०० वजनात तीस तुकडे, तेही चिलखत-हत्यारं उतरवून. एवढं ओझं ओढणारी मजबूत बोट जरा हळू चालली तर बिघडलं कुठे?

रात्रपाळी
५४० न्यायला आधी ५४० खणावे लागतात शेठ. क्रिप्टमधले (दलदलीतली तळघरं) चिखलाचे ढीग फोडण्यात सगळा रविवार जातो, त्यावर परत ती बोट, आणि वारा नेमका तोंडावर, मग शीड गुंडाळा आणि वल्ही मारत बसा. पोरगी झोपल्यावर मला जेमतेम तासभर मिळतो, तो निळं पाणी बघण्यात घालवू का? खणणं, मारामारी, बेस बांधणं हा गेम आहे, हमाली नाही.

टाळकुटे
+१. आणि मजबूत मजबूत काय लावलंय. लाँगशिपची हेल्थ १०००, ठीक, पण रात्री वादळात सर्पंट (समुद्री साप) मागे लागला, सुकाणूवर तुम्ही एकटेच, की धनुष्य उचलायला सुकाणू सोडावं लागतं आणि तेवढ्यात बोट आडवी होते.

डोलकाठी
@टाळकुटे अरे मग रात्री निघतोस कशाला? सर्पंट रात्री नाहीतर वादळातच येतो. सकाळी सुटायचं, शक्यतो किनारा धरून जायचं, मार बसला तर कुठेही उतरून वर्कबेंच ठोकायचं आणि हातोड्यानं फुकटात दुरुस्ती. आणि समजा बुडालीच, तरी माल पेटीत तरंगत राहतो, पोहत जाऊन घ्यायचा.

टाळकुटे
हो, सर्पंट बाजूला उभा राहून टाळ्या वाजवणार ना 😂

खिळे_मोजणारी
दोघंही लाँगशिपबद्दलच बोलताय. तिला १०० लोखंडी खिळे लागतात, म्हणजे पहिलं लोखंड आणायला कार्व्ह ही लहान बोटच. तिला स्लॉट चार, हेल्थ ५००, लाँगशिपपेक्षा स्लो. पण दलदलीतल्या अरुंद पाण्यात कार्व्ह वळते, लाँगशिप झाडांत अडकते आणि काठावरचे ड्रॉगर (जिवंत मढी) निवांत बाण मारत बसतात. मला विचाराल तर पहिल्या खेपा बोटीनं कराव्यात, तेव्हाच नकाशा खरा कळतो. दहाव्या खेपेला त्याच रस्त्यानं जाण्यात काय राहिलंय ते मात्र डोलकाठींनी सांगावं.

डोलकाठी
दहावी खेप लागतेच कशाला, ५४० नीट भरा ना. आणि मोडरला मारलं की तिची पॉवर मिळते, ती वापरली की काही मिनिटं वारा पाठीमागून.

रात्रपाळी
मोडर डोंगरातली बॉस. तिच्यापर्यंत पोचेतो लोखंडाची बहुतेक हमाली उरकलेली असते, वरातीमागून घोडं. आणि एक सांगा, २०२४ च्या अ‍ॅशलँड्स या जळक्या प्रदेशाच्या अपडेटमधे खुद्द डेव्हलपरनी दगडी पोर्टल दिलं, त्यातून धातू जातात. त्यांचंच मन बदललंय, तुम्ही कशाला तत्त्वाला चिकटलाय?

डोलकाठी
आणि तिथवर जायचं कसं? अ‍ॅशलँड्सचं पाणी उकळतं, बाकीच्या बोटी त्यात खराब होतात, म्हणून ड्राकर बांधायला लावलंय त्यांनी. सगळ्यात अवजड बोट! आधी ती हाका, मग पोर्टल घ्या. मन बदललं नाही त्यांचं, बक्षीस ठेवलंय.

रात्रपाळी
बक्षीस गेम संपत आल्यावर. वा.

खिळे_मोजणारी
तिसरा मार्ग कुणी बोलत नाहीये. लोखंड घरी आणताच कशाला? भट्टी आणि फोर्ज (लोहारकामाची जागा) दलदलीजवळच टाका. तयार तलवार, चिलखत पोर्टलमधून आरामात जातं, अडतो तो कच्चा धातू.

टाळकुटे
फोर्जला तांबं लागतं, ते तिकडे कसं न्यायचं? बोटीनं!! वर फोर्जचे सगळे अपग्रेड तिकडे नव्यानं. आणि घरी लोखंडी तुळया लावून उंच टॉवर बांधायचाय त्याचं काय, तुळई कोणी घालून येणार आहे का?

खिळे_मोजणारी
तांब्याची एकच खेप. तुळयांचं मान्य.

डोलकाठी
बघा, फिरून बोटच लागली.

रात्रपाळी
एक खेप आणि जन्मभर हमाली यात फरक असतो. माझं मत मॉडिफायरला.