मदत हवी आहे: पीडीएफचं वर्ड केलं तर सगळा कचरा येतोय

परीक्षार्थी_लातूर
नमस्कार. क्लासने इतिहासाच्या नोट्स पीडीएफमध्ये दिल्यात. मला त्या वर्डमध्ये हव्यात, म्हणजे हेडिंगवरून उड्या मारता येतील, ब्रेल डिस्प्लेवरही वाचता येतील. वर्डमध्ये उघडून सेव्ह केलं, फाइल झाली, पण आत नुसता कचरा. ऑनलाइन साइटवर गेलो तर 'फाइल इथे ओढून टाका' एवढंच ऐकू येतं, पुढच्या बटणाला नावच नाही. परीक्षा तोंडावर आलीय. लवकर सांगा.

निवांत_पुणेकर
सोपं आहे. गूगल ड्राइव्हवर टाका, राइट क्लिक करा, 'ओपन विथ' मधून गूगल डॉक्स निवडा. मग वर डावीकडे फाइल मेनू दिसेल, तिथून डाउनलोड.

कळफलक
पुणेकर, ते स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, वापरतात. वर, डावीकडे सांगून उपयोग नाही. राइट क्लिकऐवजी ॲप्लिकेशन की किंवा शिफ्ट एफ१०.
लातूरकर, स्क्रीन रीडर कोणता? नोट्स मराठीत की इंग्रजीत? आणि 'कचरा' म्हणजे नेमकं काय ऐकू येतं?

परीक्षार्थी_लातूर
एनव्हीडीए. विंडोज १०. नोट्स अर्थातच मराठीत.

सुलभा_मावशी
बाळा, एनव्हीडीएला मराठी आवाज लाव. त्यातल्या ईस्पीक या बोलक्या आवाजात मराठी आहे. माझ्या भाच्याचं असंच झालं होतं, आवाज बदलला आणि सगळं सुरळीत.

परीक्षार्थी_लातूर
मावशी, मराठी आवाज आहेच. तुमची पोस्ट तो नीट वाचतोय.

जॉजवाला
एनव्हीडीएचा नाद सोडा. जॉज हा स्क्रीन रीडर घ्या. इन्सर्ट+स्पेस, मग ओ, मग डी; पीडीएफचं ओसीआर, म्हणजे चित्रातून अक्षरं ओळखणं, होतं, संपलं. मी ऑफिसात रोज वापरतो.

कळफलक
जॉजची किंमत ऑफिस भरतं. विद्यार्थ्याने कुठून आणायची? एनव्हीडीए २००६पासून फुकट मिळतोय, म्हणून तर आपल्यातली कितीतरी पोरं कॉम्प्युटरला हात लावू शकली.

जॉजवाला
फुकट मिळतं म्हणून वेळ वाया घालवायचा का? मुद्दा परीक्षेचा आहे.

हौशी_टंकलेखक
वर्डचं पीडीएफ करायचं असेल तर एफ१२ दाबा, ऑल्ट+टी, यादीत पी दाबून पीडीएफ निवडा.

कळफलक
ते उलटं झालं, दादा.
लातूरकर, उत्तर अर्धंच दिलंत. 'डॉक्युमेंट रिकामं आहे' असं ऐकू येत असेल तर पानांचे फोटो आहेत. इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं वाचत असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं असेल तर त्या वर्ड फाइलमध्ये कचऱ्यावर कर्सर ठेवून एनव्हीडीए+एफ दाबा. फॉन्टचं नाव बोलेल ते इथे लिहा.

परीक्षार्थी_लातूर
दुसरं. मध्येच डॉलर, मध्येच 'ओ' वर काहीतरी चिन्ह. फॉन्ट डीव्हीटीटी सुरेख म्हणतोय. पण शेजारच्या मुलाने स्क्रीन बघितली, तो म्हणाला छान मराठी दिसतंय.

कळफलक
सापडलं. हा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या धाटणीचा फॉन्ट आहे. फाइलमध्ये साठवलेली असतात इंग्रजीची अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी 'क', 'ख', काना, वेलांटी रंगवतो. डोळ्याला मराठी दिसतं, स्क्रीन रीडरला मात्र मूळ चिन्हंच मिळतात. वर्डने तीच जशीच्या तशी उचलली. फाइल कितीही वेळा बदला, आतला मजकूर तोच राहणार. श्री-लिपी, कृतीदेव, अशा सगळ्या जुन्या फॉन्टचं हेच.

निवांत_पुणेकर
मग कुणाकडून तरी टाइप करून घ्या ना. क्लासजवळ डीटीपीवाले असतातच.

परीक्षार्थी_लातूर
दर आठवड्याला नवीन नोट्स येतात. दर वेळी कुणाच्या तरी दारात जायचं? मला हे स्वतः करायचंय. क्लासला युनिकोडमध्ये मागितलं तर 'सगळ्यांना हेच दिलंय' म्हणाले.

कायदा_आणि_सुव्यवस्था
क्लासच्या नोट्स अशा बदलणं कॉपीराइटमध्ये बसतं का, ते आधी बघा.

कळफलक
बसतं. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलं. दिव्यांग व्यक्तीला स्वतःच्या वाचनासाठी सुलभ स्वरूपात प्रत करता येते. हा आपला हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही.

सुलभा_मावशी
सुगम्य पुस्तकालय या दिव्यांगांच्या ऑनलाइन ग्रंथालयातही बघ हो. २०१६पासून आहे. प्रमाणपत्र जोडून सभासद होता येतं. क्रमिक पुस्तकं मिळतात.

टर्मिनल_ताई
जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या फॉन्ट कन्व्हर्टरने जमतं, पण जोडाक्षरं आणि रफार तुटले की दुरुस्तीत जीव जातो. मी ओसीआरच करते. डोळ्याला मराठी दिसतंय ना, मग पानाचा फोटो करून त्यातून अक्षरं ओळखायची. पॉपलर या प्रोग्राम-संचातलं पीडीएफटूपीपीएम पानांची चित्रं करतं, बारकाई ३०० डीपीआय ठेवा. मग टेसेरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्राम, भाषा 'एमएआर', म्हणजे मराठी. नोट्समध्ये इंग्रजीही असेल तर अधिकचं चिन्ह देऊन 'ईएनजी', म्हणजे इंग्रजी, जोडा. दोन्ही फुकट. माउस कुठेच लागत नाही. फोल्डर उघडा, ऑल्ट+डी, सीएमडी टाइप करून एंटर, की कमांडची खिडकी त्याच फोल्डरमध्ये उघडते.

जॉजवाला
एवढा खटाटोप? एनव्हीडीएतही एनव्हीडीए+आर आहे की.

टर्मिनल_ताई
त्याने पडद्यावर दिसतं तेवढंच ओळखलं जातं. जाड नोट्सचं पानामागून पान करत बसायचं का? माझ्या पद्धतीने एकदा बॅच फाइल, म्हणजे सगळ्या कमांड ओळीने चालवणारी फाइल, लिहिली की पुढच्या आठवड्याला फक्त एंटर.

परीक्षार्थी_लातूर
ताई, झालं! पहिलं प्रकरण स्वच्छ वाचतोय. पण सनावळीचा तक्ता विस्कटलाय. आधी सगळी सालं, मग खाली सगळ्या घटना.

टर्मिनल_ताई
तक्त्याच्या पानापुरतं टेसेरॅक्टला पीएसएम (पानाची मांडणी कशी धरायची ते) ६ देऊन बघा, मग तो रकाने वेगळे न धरता ओळ सलग घेतो. आणि सालं दुसरीकडे पडताळा. ओसीआरमध्ये १ आणि ९ची अदलाबदल झाली तर १८१८चं १८९८ होईल, ऐकताना काहीच खटकणार नाही.

परीक्षार्थी_लातूर
ओळी सलग आल्या. हेडिंग मात्र सगळी गेलीत.

कळफलक
ती हाताने द्यावी लागतील. टेक्स्ट फाइल वर्डमध्ये उघडा, प्रकरणाच्या नावावर कंट्रोल+ऑल्ट+१, पोटमथळ्यावर कंट्रोल+ऑल्ट+२. एफ१२ दाबून डॉक्स म्हणून सेव्ह करा. वाचताना एनव्हीडीए+स्पेसने ब्राउझ मोड (एकेका अक्षराने उड्या मारत वाचायची पद्धत) लावा, मग एच दाबत पुढे जा.

हौशी_टंकलेखक
हे मोबाइलवर होईल का? अँड्रॉइडचा टॉकबॅक स्क्रीन रीडर आहे.