किलिमांजारो: ५ दिवसांचा मारांगू की ७ दिवसांचा माचामे? (वय ५१, बीपीची गोळी चालू)

भटकी_मांजर
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. तर झालंय असं की मी (५१) आणि धाकटी बहीण (४७) येत्या फेब्रुवारीत टांझानियात जाऊन किलिमांजारो करायचं म्हणतोय. अनुभव म्हणाल तर सह्याद्रीत पंचवीसेक वर्षं, कळसूबाई हरिश्चंद्रगड रतनगड झालेत, हिमालयात एकच, हमटा पास, तिथे एक रात्र डोकं ठणकलं होतं बाकी काही त्रास नाही. बीपीची एक गोळी रोज सकाळी, कंट्रोलमध्ये आहे.

दोन कोटेशनं आलीत. एक मारांगू रूट ५ दिवस, दुसरं माचामे ७ दिवस, फरक माणशी चाळीसेक हजारांचा. मारांगूवर झोपायला लाकडी हट आहेत, बंकबेड आहेत, आणि बहिणीने आधीच जाहीर केलंय की सहा रात्री तंबूत ती झोपणार नाही. शिवाय रजा कमी लागते. नवरा म्हणतो वाचलेल्या पैशात दोघींची चांगली डाऊन जॅकेटं येतील. मलाही पटत आलंय पण कुठेतरी खटकतंय. ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा. आणि हो, शाकाहारी आहोत, आणि टॉयलेटचं काय असतं तेही स्पष्ट सांगा, लाजू नका.

पाऊलवाट७६
ताई, पाच दिवसांचा घेऊ नका. मी घेतला होता म्हणून सांगतोय.

२०१८ ची गोष्ट. तेव्हा हाफ मॅरेथॉन दोन तासांच्या आत पळायचो, दर रविवारी सॅकमध्ये दहा किलो तांदूळ भरून सिंहगड, त्यामुळे डोक्यात हवा होतीच. पहिली रात्र मंदारा हट २७२० मीटर, दुसरी होरोंबो ३७२०, तिसरी किबो हट ४७२०. आकडे नीट बघा, रोज बरोब्बर हजार मीटर वर. डॉक्टर लोक सांगतात की तीन हजाराच्या वर झोपायची जागा रोज साधारण पाचशे मीटरनेच चढवावी, म्हणजे आम्ही दुप्पट वेगाने चाललो होतो आणि मला वाटत होतं वा काय मस्त चाललोय. किबोला दुपारी पोचलो, जेवण बघूनच मळमळलं, झोप लागली नाही आणि रात्री अकराला उठवलं. बाहेर कडाक्याची थंडी, वर सगळा घसारा, एक पाऊल टाकलं की अर्धं मागे येतं. दोनदा उलटी झाली. हान्स मायर गुहेच्या जरा वर, पाच हजार दोनशेच्या आसपास असेन, हातमोजा निसटला म्हणून परत घालायला गेलो तर अंगठ्याच्या जागी अंगठा जाईना. नुसता बघत उभा राहिलो हाताकडे. गाईडने टॉर्च तोंडावर मारून विचारलं मुलीचं नाव काय, मला नाव आठवत होतं पण तोंडातून यायला वेळ लागला. तो एवढंच म्हणाला, खाली. तिथे मी त्याच्याशी भांडलो हे सांगायला आज लाज वाटते.

आमच्या ग्रुपमधला एक पंचावन्नचे गृहस्थ, दिवसाला चार सिगारेटी, ते पोचले वर! तेव्हा कळलं की उंचीला तुमचा स्टॅमिना बघायचा नसतो, शरीराला किती रात्री दिल्यात ते बघायचं असतं. एजन्सीवाला फोनवर म्हणाला होता की आमचे सगळेच पोचतात. त्याचं काय जातंय.

मारांगूच करायचा असेल तर निदान ६ दिवसांचा घ्या, त्यात होरोंबोला जादा रात्र मिळते, मधल्या दिवशी झेब्रा रॉक्सपर्यंत चढून परत खाली झोपायला यायचं. तरी माझं मत माचामे ७.

शेंगदाणा_लाडू
+१ पाऊलवाट. मी माचामे ७ दिवस केला २०२३ च्या फेब्रुवारीत, वय तेव्हा ४९, सो तुझ्याच बॅचची समज.

माचामे का, तर तो रस्ता वर-खाली करत जातो. पहिल्या दिवशी गेटपासून जंगलातून साधारण ३००० पर्यंत, सगळा चिखल आणि झाडांवरून लोंबणारं शेवाळ, आपल्या आंबोलीत पावसाळ्यात असावं तसं. दुसऱ्या दिवशी शिरा कॅम्प. तिसऱ्या दिवशी खरी मजा, लाव्हा टॉवरला ४६०० पर्यंत चढवतात, तिथे बसवून जेवायला घालतात (डोकं दुखतंच, दुखू दे) आणि संध्याकाळी ३९०० च्या आसपास बारांकोला उतरवतात. शरीराला उंची दाखवायची आणि खाली आणून झोपवायचं. बारांकोला उतरताना ती राक्षसी सेनेसिओची झाडं लागतात, खाली वाळक्या पानांचा जाडजूड बुंधा आणि वर कोबीचा गड्डा ठेवल्यासारखं, मी अर्धा तास नुसती फोटोच काढत बसले. चौथ्या दिवशी बारांकोची भिंत, सुमारे अडीचशे मीटरचा कातळटप्पा. फोटोत बघून पोटात गोळा येतो, प्रत्यक्षात दोर वगैरे काही लागत नाही, हातांचा वापर करून चढायचं, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केला असेल तर हसत करशील. मग कारांगा कॅम्प. ६ दिवसांच्या माचामेत हीच रात्र उडवतात, तिथे पैसे वाचवू नकोस. पाचव्या दिवशी बाराफू ४६५० च्या आसपास आणि त्याच रात्री समिट.

समिटची रात्र शब्दात नाही सांगता येत, खरंतर आठवतही फारसं नाही. पुढच्याच्या बुटाची टाच आणि हेडलॅम्पचा गोल, सहा-सात तास तेवढंच जग. पाण्याची नळीवाली पिशवी नेऊ नकोस, नळी पहिल्या तासात गोठते. बाटली न्यायची आणि ती सॅकमध्ये उलटी ठेवायची, बर्फ वरच्या बाजूला आधी धरतो, म्हणजे सुलटी केली की झाकणाकडे पाणी मिळतं. हे मला गाईडने शिकवलं. मोबाईल आतल्या खिशात अंगाला लागून, नाहीतर वर पोचल्यावर फोटोला बॅटरी शून्य. स्टेला पॉइंटला उजाडलं, मावेंझीच्या (शेजारचं दुसरं शिखर) मागून सूर्य आला आणि मी भोकाड पसरलं. तिथून उहुरू, म्हणजे खरा माथा, तासाभराचं अंतर, चढ फार नाही, पण हवेत ऑक्सिजन निम्माच असल्यासारखा, दहा पावलं चालायचं आणि काठीवर रेलायचं.

जेवणः शाकाहारी अगदी छान मिळतं, सूप, पास्ता, बटाटा, भाजी, सकाळी पातळ लापशी. वर गेल्यावर भूकच मरते हा प्रॉब्लेम. म्हणून मेतकूट, लसणाची चटणी आणि लाडू ने. मी दोन दिवस वाफाळत्या भातावर मेतकूट एवढ्यावर होते.

टॉयलेटः कॅम्पवर सरकारी आहेत पण त्यांच्याबद्दल जेवायच्या वेळी बोलू नये. ग्रुपसाठी वेगळा छोटा तंबू आणि त्यात केमिकल टॉयलेट असं भाड्याने मिळतं, वेगळे पैसे पडतात. घे. डोळे मिटून घे. बहिणीला हे आधी सांग, तंबूत झोपायचं नंतर सांग.

कट्ट्यावरचा_काका
एवढे लाखो रुपये घालवून आफ्रिकेत घसाऱ्यावर उलट्या करायला जायचं, आमच्या वेळी कुलंग-मदन-अलंग शंभर रुपयांत व्हायचं. असो, हौसेला मोल नाही.

एक मात्र कुणी सांगत नाहीये ते म्हातारा सांगतो. चढायचं सगळे बोलतात, उतरायचं कोण बोलणार? माझा पुतण्या जाऊन आला. समिटवरून त्याच दिवशी खाली म्वेका कॅम्पला उतरवतात, ५८९५ वरून साधारण ३१०० ला, रात्रभर न झोपता. म्हणजे जवळजवळ २८०० मीटर उतार एका दिवसात. कळसूबाई बारीपासून नऊएकशे मीटर असेल, तर तीन कळसूबाई सलग उतरा. दुसऱ्या दिवशी म्वेका गेटला याल तेव्हा कुठे कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर असाल. पुतण्याची अंगठ्यांची दोन्ही नखं काळी होऊन गळली. नखं कापून जा, बूट अर्धा नंबर मोठे घ्या, दोन काठ्या घ्या आणि आत्तापासून उतरायची प्रॅक्टिस करा. ठाण्यात मामा-भाचे डोंगर आहे, उंच इमारतींचे जिने आहेत. लिफ्टने वर जा आणि चालत खाली या, लोक हसतील, हसू देत.

अरुशावासी
मी गेली नऊ वर्षं इथे टांझानियात, अरुशात आहे नोकरीनिमित्त, डोंगर एकदा केलाय, पण येणारे पाहुणे दरवर्षी असतात म्हणून पैशाबद्दल लिहितो.

भटकीताई, स्वस्त कोटेशन म्हणजे नक्की काय ते समजून घ्या. पार्कची फी सगळ्यांना सारखीच आहे. मागच्या पाहुण्यांचा हिशोब माझ्याकडे आहे. रोजचे ७० डॉलर, तंबूच्या प्रत्येक रात्रीचे ५०, एकदाच २० रेस्क्यूचे आणि वर १८ टक्के व्हॅट. सात दिवस सहा रात्री धरा, ८१० होतात आणि व्हॅट धरून साडेनऊशेच्या वर. हे सरकारला जातात. कुणी तुम्हाला सात दिवस बाराशे डॉलरमध्ये म्हणाला तर उरलेल्या अडीचशेत जेवण, गाडी, हॉटेल, गाईड, स्वैपाकी आणि पोर्टर कसे बसतात ते त्यालाच विचारा. बसत नाहीत. पोर्टरच्या मजुरीतून कापतात, नाहीतर दोन माणसांचं ओझं एकाच्या डोक्यावर देतात. पार्कचा नियम पोर्टरला जास्तीत जास्त २० किलोचा आहे, गेटवर वजन करतात, पण गेट संपल्यावर काय होतं ते मी बघितलंय. किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट म्हणून संस्था आहे डोंगराजवळच्या मोशी गावात, त्यांच्याशी जोडलेल्या कंपन्यांची यादी असते, त्यातली बघा. टिपचे पैसे वेगळे काढून ठेवा, ते ऐच्छिक वगैरे काही नसतं, आणि शेवटी सगळ्यांसमोर कुणाला किती ते सांगून द्या.

बारीकसारीकः प्लास्टिकच्या पिशव्यांवर इथे २०१९ पासून बंदी आहे, आपण सामान पिशवीत पिशवी करून भरतो ती सवय घरीच सोडा. डॉलरच्या जुन्या नोटा घेत नाहीत. केनिया आणि इथिओपिया पिवळ्या तापाच्या यादीत आहेत, तिथे लांबचा थांबा असेल तर परत मुंबईत उतरताना लसीचं कार्ड मागू शकतात, लस निघायच्या किमान १० दिवस आधी घ्यायची. ट्रेकचे बूट पायात घालूनच विमानात बसा, बाकी हरवलेलं सगळं मोशीत भाड्याने मिळतं, ओळखीचे बूट मिळत नाहीत. आणि इन्शुरन्समध्ये ६००० मीटरपर्यंत ट्रेकिंग असं लिहिलेलं हवं, आपल्याकडच्या साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत बहुतेकदा नसतं.

अवांतरः भाषेचं टेन्शन घेऊ नका, गाडीला गारी म्हणतात, पैशाला पेसा, चहाला चाय आणि चपातीला चपाती. बाराफू म्हणजे बर्फ, कळलंच असेल. कारांगा म्हणजे शेंगदाणा, वरच्या लाडूताईंना आवडेल. आणि दिवसातून दोनशे वेळा ऐकाल ते पोले पोले, म्हणजे हळू हळू. गाईड इतका हळू चालतो की पहिल्या दिवशी राग येतो.

भटकी_मांजर
बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली. पाऊलवाटदादा, तुमचं हातमोज्याचं वाचून अंगावर काटा आला, नवऱ्याला वाचून दाखवलं, जॅकेटांचा विषय बंद. जॅकेट भाड्यानेच घेऊ. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी घेतात म्हणे, तिचं काय, बीपीच्या गोळीबरोबर चालते का?

पाऊलवाट७६
ते इथे कुणाला विचारू नका, तुमच्या डॉक्टरला गोळीची पट्टी दाखवून विचारा. काही बीपीच्या गोळ्यांत आधीच लघवी वाढवणारं औषध असतं, डायमॉक्सही तेच करते. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. मला १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ दिली होती, पण मला दिली म्हणून तुम्ही घेऊ नका. डॉक्टर हो म्हणाले तर घरी एक-दोन दिवस घेऊन बघा, बोटांना मुंग्या येतात आणि सोडा बेचव लागतो, ते पहिल्यांदा डोंगरावर कळायला नको. आणि डोकं दुखतंय हे गाईडपासून लपवू नका. मी लपवलं होतं, होरोंबोपासूनच.

शेंगदाणा_लाडू
आणि रात्री तंबूतून तीन-तीनदा बाहेर पडावं लागेल ते धरून चाल. बाहेर पडलीस की वर बघ मात्र, एवढे तारे मी जन्मात बघितले नव्हते.

भटकी_मांजर
अपडेटः बहिणीला टॉयलेटचा तंबू आधी सांगितला. ती म्हणाली तो लेखी देणार असतील तर तिचं नाव लिहा. माचामे, ७ दिवस. आजपासून आमच्या सोसायटीचे बावीस मजले, वॉचमन विचारत होता लिफ्ट बंद आहे का म्हणून.

कट्ट्यावरचा_काका
खाली उतरताना की वर चढताना?

भटकी_मांजर
उतरतानाच काका, वर लिफ्टने.