रि: [मंडळ] रंकाळ्याचा फ्लॅट, पाहुणे एका रात्रीत निघतात

प्रेषक: मंजिरी

नमस्कार मंडळी,

ॲपवरून भाड्यानं देते त्या माझ्या कोल्हापूरच्या फ्लॅटवर या आठवड्यात परत तेच. पुण्याचं कुटुंब गुरुवारी संध्याकाळी उतरलं, शुक्रवारी पहाटे अंबाबाईचं दर्शन, मग मिसळ, चप्पल लाइनला खरेदी, जोतिबा करून परस्पर हायवेला. शुक्रवार-शनिवार दोन्ही रात्री रिकाम्या. एका रात्रीसाठी पण चादरी, लाँड्री, पाण्याचे जार, साफसफाईच्या मावशींची फेरी सगळा खर्च तेवढाच येतो हो. मावशींना सांगून ठेवलंय की चावी परत घेताना विचारा अजून एक दिवस राहता का म्हणून, आजवर एकानंही हो म्हटलेलं नाही. दुसऱ्या रात्रीला सूट देऊन बघू का? तुम्ही किती देता? नोव्हेंबरच्या किरणोत्सवाची (मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात तो) बुकिंगं सुरू व्हायच्या आत ठरवायचंय, जरा लवकर सांगा.

मंजिरी

---

प्रेषक: विलास

मंजिरी, सूट अजिबात देऊ नकोस. मी गणपतीच्या मीटिंगनंतर पार्किंगमध्ये सगळ्यांना हेच सांगत होतो. सूट बघून कुणी थांबत नाही, दुसऱ्या दिवशी काय करायचं ते माहीत नसतं म्हणून निघतात. आणि चावी देताना विचारून काय उपयोग, तोवर बॅगा डिकीत गेलेल्या असतात, पोरं गाडीत बसलेली असतात. आल्या दिवशी संध्याकाळी, ते जेवायला बाहेर पडायच्या आत मेसेज गेला पाहिजे. त्यात "राहता का" असं विचारायचंच नाही. "उद्या नृसिंहवाडी आणि खिद्रापूर करा, सकाळी आठला निघालात तर संध्याकाळी परत येऊन निवांत पांढरा-तांबडा रस्सा खाता येईल, गाडी हवी असली तर सांगा" एवढंच लिहायचं. रात्री परत यायचं म्हटलं की मुक्काम आपोआप वाढतो. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपाचा फोटो जोड, ते ४८ खांब आणि वरचं उघडं गोल छत दिसलं की माणूस जाणारच. पन्हाळ्याचा फोटो पाठवू नकोस. पन्हाळा २० किलोमीटर, लोक सज्जाकोठी, अंबरखाना, अंधारबाव बघून जेवायच्या वेळेला खाली येतात आणि मग निघतातच.

विलास

---

प्रेषक: शैला

विलास, पन्हाळ्याबद्दल असं बोलू नकोस रे. तिथलं जवळचं मसाई पठार कुणी सांगतच नाही पाहुण्यांना, पाऊस संपता संपता तिथं एक अख्खा दिवस जातो.

आणि वाडीला पाठवताना आधी नदीचं पाणी किती आहे ते विचारत जा. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेचं पाणी देवळात येतं, दक्षिणद्वारातून वाहणाऱ्या त्या पाण्यात स्नानाला भाविकांची गर्दी उसळते, पण लहान पोरं घेऊन गेलेल्या माणसाला ते झेपत नाही. २०१९ च्या पुरात आमच्याकडे उतरलेले पाहुणे हायवे बंद म्हणून अडकले होते, त्यांना जेवणाचे डबे आमच्या वहिनींनी दिले आणि जास्तीच्या मुक्कामाचे पैसे घेतले नाहीत. ती माणसं आजही दर वर्षी येतात आणि चांगली राहतात. वाडीहून येताना बासुंदी आणि कवठाची बर्फी आणायला सांगा.

शैलाताई

---

प्रेषक: अभय

मूळ मुद्दा बाजूला राहतोय. मंजिरी, तुझ्या कॅलेंडरला तयारीसाठी म्हणून बुकिंगच्या मागे-पुढे एकेक रात्र आपोआप बंद होतेय का ते आधी बघ. तसं असेल तर पाहुण्याला पुढची रात्र ॲपवर बंद दिसते आणि तो समजतो की फ्लॅट दुसऱ्याला गेलाय. पाहुणा तयार असला तर आहे त्याच बुकिंगची तारीख बदलायची विनंती तू स्वतः पाठव, त्यानं मान्य केली की झालं, त्याला शोधाशोध करायला लावू नकोस. "रोख घ्या आणि राहू द्या" म्हणणारे भेटतील, ते करू नकोस. ॲपच्या बाहेरची रात्र म्हणजे नुकसान झालं तर कुणी दाद देत नाही, शिवाय ॲपचा नियमही मोडतो. परदेशी पासपोर्टवाला असेल तर त्याची सरकारी नोंद २४ तासांत जाते ना तेही बघ, आपल्यातलीच निम्मी मंडळी आता त्यात येतात.

अभय

---

प्रेषक: सुनंदा

मंडळी, मी सध्या कोल्हापुरातच आहे, राजारामपुरीत भावाकडे. काल मंजिरीच्या फ्लॅटवर जाऊन आले. मावशींशी बसून बोलले, चहा त्यांनीच केला. त्या म्हणाल्या, "इचारलो की ओ ताई, पन त्यांच्या ब्यागा गाडीत गेलत्या." मग सहज विचारलं पैसे कसे मिळतात, तर फेरीमागे. पाहुणा गेला, फ्लॅट झाडला-पुसला, चादरी बदलल्या की एक फेरी. म्हणजे पाहुणा एक दिवस जास्त राहिला की मावशींची त्या दिवशीची फेरी बुडाली. आणि तो थांबायचा प्रश्न आपण त्यांच्याच तोंडून विचारून घेतोय! ती बाई प्रामाणिक आहे, विचारते म्हणते तर विचारत असणारच, पण तिच्या घरात पोराची फी आहे, नवऱ्याची गोळी आहे. स्वतःच्या पोटाला चिमटा काढून तिनं मनापासून आग्रह करावा ही अपेक्षाच चूक आहे.

सुनंदाताई

---

प्रेषक: विलास

सुनंदाताई, तुमच्याबद्दल आदर आहे, पण फेरीचा दर आम्ही रंकाळ्याकडच्या सगळ्या मालकांनी मिळून ठरवलाय. एकीनं वाढवला की सगळ्यांच्या मावशी मागणार. काम न करता पैसे द्यायचे कशाचे? तुम्ही एकदा जाऊन आलात म्हणून यादीवर असं लिहिलंत की बाकीचे कंजूष ठरतात.

---

प्रेषक: सुनंदा

> काम न करता पैसे द्यायचे कशाचे

विलास, काम न करता कोण म्हणालं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्या जाऊन केर काढतील, टॉवेल बदलतील, कचरा नेतील, पाण्याचा जार बघतील. पाहुण्यालाही बरं वाटतं, घरी राहिल्यासारखं वाटतं. फेरीचा दर वाढवा असं मी म्हटलेलंच नाही. वाढलेल्या रात्रीमागे तीच फेरी मोजा, एवढंच. चादरी धुवायच्या वाचतात त्यातूनच ते निघतं. ही माणसं आपल्या घराच्या चाव्या सांभाळतात रे, आपण सातासमुद्रापार बसलोय.

---

प्रेषक: शैला

सुनंदा बरोबर बोलतेय. आमच्याकडे पहिल्यापासून महिन्याचा पगार आहे, कधी कुरबुर नाही.

---

प्रेषक: अभय

महिन्याचा पगार तुमच्याकडे परवडतो कारण तुमचा बंगला आहे. मंजिरीचा एक बेडरूमचा फ्लॅट, श्रावणापर्यंत निम्मा महिना रिकामा. वाढीव रात्रीची फेरी मोजणं हेच योग्य. किरणोत्सवाला मात्र ९, १०, ११ नोव्हेंबर अशी तीन रात्रींची अटच टाक. पहिल्या दिवशी किरणं पायापर्यंत, मग वर वर चढत तिसऱ्या दिवशी मुखावर. एखाद्या संध्याकाळी ढग आला की किरणं पोचतच नाहीत, तेव्हा एकाच दिवसासाठी आलेला माणूस हात हलवत जातो. हे लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिही. लोकांना फसवायचं नाही, आणि लिहिलं तर ते तीन रात्री खुशीनं घेतात.

---

प्रेषक: मंजिरी

सगळ्यांचे आभार. कॅलेंडरची रात्र खरंच बंद होत होती, आत्ता उघडली. सूट रद्द. मावशींना आज फोन करून सांगितलं की पाहुणा जितके दिवस राहील तितक्या फेऱ्या धरणार, त्यांनी लगेच विचारलं, संध्याकाळी चावी देतानाच वाडीचं सांगू का. म्हणजे विलासदादांचा मेसेज माझ्याकडून जाईल आणि तोंडी त्या सांगतील. किरणोत्सवाला तीन रात्री नक्की.

विलासदादा, तुमचा राग समजतो, पण वाढीव रात्रीचं मी माझ्यापुरतं ठरवलंय, बाकीच्यांनी आपापलं बघावं. खिद्रापूरला नेणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर मला वेगळा पाठवा, यादीवर टाकू नका. आणि शैलाताई, मसाई पठाराला सकाळी किती वाजता निघायला सांगायचं ते कळवा, शनिवारी नाशिकचे चौघं येतायत.

मंजिरी