मदत हवी आहे: शिडाच्या बोटीवर एक दिवस. बोट लागू नये, पोहणं व्हावं आणि खाणं हलकं असावं

चिंगळी

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज गरज पडली म्हणून पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर झालंय असं की आईला साठ पूर्ण झाली आणि काय हवंय विचारलं तर म्हणाली, मला एक दिवस शिडाच्या बोटीत बसायचंय, इंजिनाची नको, ती फार आवाज करते. साडी नको, दागिना नको, थेट बोट! मग मी आणि ताईने मिळून एक दिवसासाठी सेलबोट ठरवली, ३६ फुटी आहे, सोबत स्किपर (म्हणजे बोट चालवणारा) येणार, सकाळी ९ ला निघून संध्याकाळी ५ पर्यंत परत. मध्ये कुठल्यातरी शांत खाडीत नांगर टाकून पोहायचं, जेवायचं, लोळायचं, एवढाच प्लॅन. माणसं आम्ही चारच, आई, मी, ताई आणि तिचा ११ वर्षांचा मुलगा जो स्विमिंग पूलमध्ये मासा आहे पण समुद्रात कधी उतरलेला नाही. आईला जेमतेम तरंगता येतं.

आता खरी अडचण मी आहे. मला गाडी लागते, बस लागते, बोट तर लागतेच लागते. दोन वर्षांपूर्वी अशाच एका मोटरबोटीच्या सहलीला गेले होते, निघायच्या आधी सगळ्यांसोबत भरपेट तळलेलं खाल्लं, अर्ध्या तासात मळमळायला लागलं, म्हणून शहाणपणा करून खाली केबिनमध्ये जाऊन आडवी झाले आणि डोळे मिटायच्या ऐवजी मोबाईल बघत बसले. पुढचं सांगत नाही. बाकीचे वर पाण्यात उड्या मारत होते आणि मी खाली बादली धरून बसले होते, बादलीचा रंग निळा होता, अजून डोळ्यासमोर आहे. यावेळी आईचा दिवस आहे, तिने माझी पाठ चोळत बसावं असं मला नकोय.

तर विचारायचं हे की बोट लागू नये म्हणून गोळी घ्यावी का, की आलं वगैरे पुरतं? बसायचं कुठे? पोहताना काय काळजी घ्यायची, विशेषतः आई आणि भाच्याची? आणि खायला काय न्यावं, आईला शुगर आहे त्यामुळे हेल्दी हवं, बोटीवर एक कोल्ड बॉक्स आणि छोटीशी शेगडी आहे पण मला काहीच शिजवायचं नाहीये. अजून एक, आईला वाटतंय की इंजिन अजिबात नसेल, तिचा भ्रमनिरास होईल का?

आळशी_मांजर

पहिला धागा आणि निळी बादली, स्वागत आहे :)

मला पण लागते. माझा अनुभव: केबिनमध्ये जायचंच नाही, काही झालं तरी नाही. आत गेलं की कान सांगतो आपण हलतोय आणि डोळे सांगतात समोरची भिंत जागेवर आहे, मेंदू गोंधळतो आणि त्याचा राग पोटावर निघतो. वर बस, बोटीच्या मध्याजवळ जिथे हेलकावा सगळ्यात कमी, आणि लांब क्षितिजाकडे बघत राहा. मोबाईल आईच्या पिशवीत टाकून दे. आणि रिकाम्या पोटी तर मुळीच जाऊ नकोस, ते तळलेल्याइतकंच वाईट. एक केळं, दोन कोरडे टोस्ट, बास.

सुकाणूवाला

चिंगळीताई, मी हौशी सेलर आहे, दहाबारा वर्षं शिडं ओढतोय म्हणून जरा लांबण लावतो.

आधी आईंचा प्रश्न. शिडाच्या बोटीला पण छोटं इंजिन असतं, धक्क्यातून बाहेर पडायला आणि परत लागायला ते चालवतात. मोकळ्या पाण्यात आलं की शिडं चढवतात आणि मग इंजिन बंद. तो जो क्षण आहे ना, घरघर थांबते आणि एकदम फक्त पाण्याचा सळसळ आवाज उरतो, तो आईंना आधी सांगू नका, त्यांचा त्यांना कळू दे.

आता बोट लागण्याचं. स्किपरला सांगून तुम्ही स्वतः सुकाणू धरा. खरंच. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही तसंच इथे, लक्ष पुढे राहतं आणि पुढचा हेलकावा अंगाला आधी कळतो. मी किती हिरवीपिवळी पडलेली माणसं सुकाणूवर उभी करून ताळ्यावर आणलीत.

दुसरं म्हणजे दिवसाची आखणी. बोट थेट वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही, साधारण ४५ अंशात तिरकी जाते आणि मग वळून दुसऱ्या बाजूने तिरकी, अशी नागमोडी. बोट ५ नॉटने चालली (ताशी ९ किमी समजा) तरी वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने खरी प्रगती साडेतीन नॉटचीच. आणि समोरून जाताना १२ नॉटचा वारा अंगाला १६ चा लागतो, तोच पाठीवर घेतला तर फक्त ७ चा. म्हणून सकाळी सगळे ताजेतवाने असताना वाऱ्यावर चढून जायचं आणि जेवण झाल्यावर वारा पाठीशी घेऊन घरंगळत परत यायचं. किनाऱ्याजवळ बहुतेक ठिकाणी सकाळी वारा हलका असतो, जमीन तापली की दुपारी समुद्रावरून वारा जोर धरतो, त्यामुळे हे गणित बसतं. वारा कुठून येणार ते स्किपरला आदल्या दिवशी विचारा. १० नॉटच्या आत असेल तर तुमच्यासाठी सोन्यासारखा दिवस, १७ च्या वर गेला तर लाटांना सगळीकडे पांढरे तुरे येतात, तेव्हा सरळ दिवस पुढे ढकला, आईंचा वाढदिवस कुठे पळून जात नाही.

फक्त येताना एक गंमत होते. वारा लागत नाही म्हणून ऊन पण कळत नाही आणि माणसं भाजून निघतात. आणि ती शिडाखालची आडवी काठी, बूम, ती याच वेळी एकदम या बाजूची त्या बाजूला जाऊ शकते. भाच्याला सांगा, स्किपर ओरडला की आधी डोकं खाली, प्रश्न नंतर.

तिखटमीठ

आलं बिलं ठीक आहे पण ज्याला बादली लागते त्याला आलं पुरत नाही, स्पष्ट बोलते. गोळी घे, पण डॉक्टरांना विचारून, आणि मळमळ सुरू झाल्यावर नाही, निघायच्या तास-दोन तास आधी. या गोळ्यांनी झोप येते. म्हणून आधी एका सुट्टीच्या दिवशी घरी घेऊन बघ आपल्याला किती पेंग येते ते. पेंगुळलेल्या अवस्थेत पाण्यात उतरायचं नाही हे मात्र लक्षात ठेव. आईंना द्यायची असेल तर त्यांच्या बाकीच्या औषधांबरोबर चालते का ते विचारल्याशिवाय देऊच नकोस.

खाण्याचं. मी चार जणांसाठी असं नेते: उकडलेले छोले, त्यात काकडी, टोमॅटो, सिमला मिरची, लिंबू. मीठ घरी घालायचं नाही, पाणी सुटून सगळ्याचा लगदा होतो, मीठ बोटीवर वरून. उकडलेली अंडी. भाजलेले बदाम-शेंगदाणे. गाजराच्या काड्या आणि घट्ट दह्याची चटणी बुडवायला. द्राक्षं गोठवून नेली तर बर्फाचं पण काम करतात. आणि सगळं एका हातात धरून खाता येईल अशा छोट्या डब्यांत भर, कारण दुसरा हात बोटीला धरायला लागतो, काटा-सुरी-प्लेट हा प्रकार विसर.

आळशी_मांजर

अंडी??? ज्या बोटीवर चिंगळी आहे त्या बोटीवर अंड्याचा डबा उघडणार? तू तिची मैत्रीण आहेस की शत्रू?

तिखटमीठ

नांगर टाकल्यावर उघड्या डेकवर खायचीत गं, केबिनमध्ये नाही. बरं चिंगळी, तुला वास चालत नसेल तर अंडी गाळ, तुझ्यापुरती केळी आणि टोस्ट वेगळे ठेव.

खारावारा

अंड्यांच्या भांडणात पडत नाही, थंड ठेवायचं बघा. कोल्ड बॉक्समध्ये सुटा बर्फ टाकू नका, वितळून डबे पोहायला लागतात. त्यापेक्षा पाण्याच्या बाटल्याच आदल्या रात्री गोठवा, दुपारपर्यंत गार ठेवतात आणि मग पिता येतात. दही, छोले, अंडी असलं काही बॉक्सच्या बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलं तर टाकून द्या, फार ऊन असेल तर एक तासच. पाणी माणशी किमान २ लिटर. पेय म्हणून साधं पाणी-लिंबू, बिअर वगैरे किनाऱ्यावर आल्यावर.

नांगर टाकायची जागा मात्र आडोशाची निवडायला सांगा. लोकांना वाटतं बोट चालताना लागते आणि थांबली की बरं वाटतं. उलट असतं बऱ्याचदा, शिडात वारा भरलेला असताना बोट एका अंगावर रेललेली पण स्थिर असते, नांगरावर उभी असताना बाजूने लाट आली की पाळण्यासारखी डुलते आणि बरोबर जेवताना लोक पांढरे पडतात.

चिंगळी

बाप रे किती छान उत्तरं, मनापासून आभार सगळ्यांचे. अंडी आईसाठी आणि ताईसाठी नेणार, मी वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसणार :D सुकाणू धरायची कल्पना ऐकूनच ताई हसतेय पण मी विचारणार आहे स्किपरला.

पोहण्याबद्दल कोणीतरी सांगा ना. बोटीवर लाइफ जॅकेट आहेत म्हणाले, ती पट्ट्यासारखी चपटी असतात ती, आईला ते घालून उतरवू का? भाचा फुगवायचा मोठा फ्लेमिंगो आणणार म्हणतोय. आणि जेवल्यावर तासभर पोहायचं नाही हे खरं का?

सुकाणूवाला

थांबा थांबा, ते चपटं जॅकेट घालून आईंना उतरवू नका! ती बहुतेक ऑटोमॅटिक असतात, पाणी लागलं की आतला सिलिंडर फुटून फटकन फुगतात. ते अपघाताने पडलात तर जीव वाचवायला, मजेने पोहायला नाही. आई दचकतील ते वेगळंच. पोहायला फोमचं जाड जॅकेट मागून घ्या, मापाचं, आणि खांद्याला धरून वर ओढून बघा, कानापर्यंत सरकलं तर सैल आहे.

पाण्यात उतरायच्या आधी क्रम ठरलेला: नांगर धरलाय याची खात्री, इंजिन बंद आणि चावी स्किपरच्या खिशात, शिडी खाली सोडलेली (हे विसरून सगळेच उड्या मारतात आणि मग वर कसं यायचं म्हणून बोटीला चिकटून बसतात, तीन-चार फूट उंच गुळगुळीत भिंत असते ती). मग बोटीच्या मागे तरंगणारा दोर सोडायचा, १५-२० मीटर, टोकाला फेंडर (बोटीच्या कडेला लटकवतात तो हवा भरलेला फुगा) नाहीतर बोया बांधून. तरंगणारा म्हणजे पॉलिप्रोपिलीनचा, नायलॉनचा बुडतो. एक माणूस कायम बोटीवर, पाण्यात किती डोकी आहेत ते मोजत.

प्रवाह आहे का ते बघायला संत्र्याचं साल पाण्यात टाका. जागेवर राहिलं तर उत्तम, भराभरा मागे गेलं तर त्या दिवशी फक्त दोर धरूनच डुंबायचं. १ नॉटचा प्रवाह ऐकायला काहीच नाही वाटत, पण साधा माणूस आरामात पोहतो त्याचा वेग पण जवळपास तेवढाच, म्हणजे तुम्ही हातपाय मारताय आणि बोट आहे तिथेच. थोडा प्रवाह असेल तर आधी प्रवाहाच्या विरुद्ध पोहायचं, दमलं की तो आपोआप परत आणतो. पूलमधल्या माशांना नेमकं हेच माहीत नसतं, भाच्याला सांगाच.

फ्लेमिंगो आणा पण दोराला बांधून. वारा त्याला माणसापेक्षा जोरात पळवतो. सुटला तर जाऊ दे, त्याच्या मागे कोणी पोहत जायचं नाही.

आळशी_मांजर

जेवून पोहलं की पेटके येऊन बुडतो याला काही आधार नाही. पण गच्च जेवून उताणं तरंगायला मजा येत नाही. आधी पोहा, मग जेवा, मग लोळा. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून आल्यावर परत, कानाच्या पाळ्या विसरू नकोस. आणि टॉयलेट वापरायचं आधी स्किपरकडून नीट शिकून घे, हातपंप असतो आणि त्यात काहीही टाकलं की तुंबतो. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगतेय.

चिंगळी

अपडेट द्यायला आले. परवा जाऊन आलो!!

गोळी घेतली होती (डॉक्टरांना विचारून, आदल्या रविवारी घरी ट्रायल पण घेतली), दोन टोस्ट खाऊन निघाले. बाहेर पडल्यावर अर्ध्या तासाने ती ओळखीची लाळ सुटायला लागली, मी लगेच सुकाणू मागितलं. स्किपर म्हणाला त्या टेकडीवर बोटीचं नाक ठेव. पुढचा दीड तास मी कोणाला देईचना! सुकाणूवाले दादा, तुम्हाला साष्टांग. उलटी झाली नाही, एकदा नांगरावर असताना जरा गरगरलं तेवढंच, तेव्हा उठून पाण्यात उतरले तर बरं वाटलं, तोपर्यंत गोळीची पेंग पण गेली होती.

आई शिडीच्या शेवटच्या पायरीवर दहा मिनिटं बसून राहिली, पाय पाण्यात, जॅकेट घातलेलं, 'बघते मी नुसती' म्हणत. मग कधी हळूच दोर धरून उतरली ते आम्हाला कळलंच नाही, बघतो तर फेंडरला मिठी मारून उताणी, डोळे मिटून. जेवायला हाक मारली तर म्हणे तुम्ही जेवा. शेवटी छोल्यांचा डबा तिला शिडीपाशी नेऊन दिला. फ्लेमिंगो सुटला आणि गेला, भाचा रडवेला झाला पण मागे गेला नाही. आम्हालाच वाईट वाटलं, पाण्यात प्लॅस्टिक गेलं म्हणून, पण परतीच्या वाटेवर स्किपरने वळसा घालून हुकने उचलला.

इंजिन बंद झालं तेव्हा आई काय म्हणाली सांगू? 'आता बोलू नका कोणी.'

एकच शंका राहिलीय, ड्राय बॅगच्या आतल्या कप्प्याची झिप खाऱ्या पाण्याने जाम झालीय, उघडतच नाही आणि आत ताईचा चष्मा आहे.

खारावारा

ओढू नका, दात तुटतील. कोमट गोड्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, मीठ विरघळलं की मऊ ब्रशने घासा आणि मग हळूहळू सरकवा. उघडल्यावर मेणबत्ती घासा.

चिंगळी

उघडली! चष्मा ठीक आहे.